टाइप-सी लावलं, पण बोर्ड उठत नाही

प्रश्न : पीएएम८४०३ ही अँप्लिफायर चिप वापरून छोटा स्टिरिओ अँप्लिफायर केला, पीसीबी स्वतः काढला, पॉवरला टाइप-सी सॉकेट दिलं. जुन्या चार्जरवर छान वाजतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर मात्र एलईडीसुद्धा लागत नाही. सॉकेट खराब आहे का?
(एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : सॉकेट ठीक आहे, उपटू नका. सीसी पिना (पलीकडे काय जोडलंय ते चार्जरला कळवणाऱ्या पिना) मोकळ्या सोडल्यात, एवढंच. टाइप-सी चार्जर पलीकडे कुणी आहे का हे आधी तपासतो आणि मगच ५ व्होल्ट सोडतो. ही ओळख पटते सीसी१ (ए५) आणि सीसी२ (बी५) या पिनांवरून ग्राउंडला गेलेल्या ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरांनी. जुन्या चपट्या ए-पोर्टला ही विचारपूस माहीतच नाही. तिथे ५ व्होल्ट कायम उभे असतात, म्हणून बोर्ड चालतो.

रेझिस्टर दोन लावा, प्रत्येक पिनेला वेगळा. दोन्ही पिना जोडून एकात भागवण्याचा मोह होतो. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या बोर्डांवर नेमकं हेच झालं होतं. आत चिप असलेली केबल लावली की चार्जर बोर्डाला हेडफोनचं अ‍ॅडाप्टर समजायचा आणि पॉवर देतच नसे.

सोल्डर झाल्यावर केबल काढून मल्टिमीटर लावा. प्रत्येक सीसी ते ग्राउंड ५.१ किलोओहम, सीसी१ ते सीसी२ सुमारे १०.२ किलोओहम दिसलं पाहिजे. दोन सीसींमध्ये शून्य आलं तर त्या आपसांत चिकटल्यात.

बर्डीच्या बाजारात सॉकेट घेताना पिना मोजून घ्या, निदान सहा हव्यात. नुसत्या प्लस-मायनसचं दोन पिनांचं सॉकेटही मिळतं. आत रेझिस्टर नसतील तर त्यात सीसीला हात लावायला जागाच नाही.

प्रश्न : असाच बोर्ड लॅपटॉपवर लावला की बारीक शिट्टी येते, माउस हलवला की सूर बदलतो. पॉवर बँकेवर शांत. फेराइट बीड (तारेवरचा गोंधळ अडवणारा मणी) लावूनही फरक नाही. स्पीकरच्या काळ्या वायरी ग्राउंडला जोडून पाहू का?
(वाचक, धरमपेठ)

उत्तर : वायरींचं आधी : अजिबात नको. या चिपच्या आउटपुटची दोन्ही टोकं सिग्नलने चालतात, मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे. जोडलंत तर आउटपुट शॉर्ट होईल.

बीड मेगाहर्ट्झमधला गोंधळ अडवतो, कानाला येणाऱ्या शिट्टीसाठी तो म्हणजे साधी तार. पॉवरही लॅपटॉपची आणि गाण्याची केबलही त्याचीच, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जुळलं. चिपचा खेचलेला करंट ऑडिओ केबलच्या शील्डमधूनही (बाहेरच्या ग्राउंडच्या जाळीतूनही) परततो आणि तिथे पडणारा व्होल्टेज गाण्यात मिसळतो. पॉवर वेगळ्या चार्जरवरून द्या. तेच सोपं आणि बहुधा पुरतं. नाही जमलं तर ऑडिओच्या दोन्ही चॅनेलला १:१ चे ६०० ओहमचे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, म्हणजे गाणं जाईल पण ग्राउंड जुळणार नाही.

तसंही लॅपटॉपचा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपचा, म्हणजे अडीच वॅट. ४ ओहमचे दोन स्पीकर पूर्ण आवाजात दीड अँपच्या आसपास मागतात. प्रत्येक ढोलाच्या ठोक्याला व्होल्टेज बसतो आणि आवाज फाटतो. ते सावरायला म्हणून इनपुटला १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर थेट टाकाल तर तो भरताना एकदम मोठा करंट ओढेल आणि केबल खोचताक्षणी पोर्ट ट्रिप होऊ शकतो. सॉकेटजवळ १० मायक्रोफॅरडच ठेवा, मोठा हवा असेल तर सॉफ्ट-स्टार्टच्या (करंट हळूहळू सोडणाऱ्या) लोड स्विचमागे.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी बोर्ड आपोआप बंद पडतो, संध्याकाळी चालू होतो. चार्जर २ अँपचा, ५०० मिलिअँपचा पॉलिफ्यूज (थंड झाल्यावर आपोआप पुन्हा जोडणारा फ्यूज) लावला आहे.
(वाचक, मानेवाडा)

उत्तर : पॉलिफ्यूज उष्णतेनेच चालतो आणि त्याचा आकडा २५ अंशांच्या आसपासचा असतो. नागपुरात बाहेर ४५ अंश, डब्याच्या आत ६०; तिथे तो साडेतीनशे मिलिअँपच्या आसपासच्या करंटलाही उघडू शकतो. १.५ अँप होल्डचा (एवढा करंट न उघडता झेलणारा) लावा, चिपपासून लांब बसवा आणि डब्याला वर-खाली भोकं पाडा.