ड्रॉइंगवरून गालिच्याचं माप देऊ नका (मी दिलं होतं)

तुम्ही लिहिलंय की गंगापूर रोडच्या हॉटेलची लॉबी आहे, खांबांना अजून दगड लागायचाय, आणि भदोहीचा गालिचे बनवणारा पार्टी रोज फोन करून गालिच्याची फायनल साइज मागतोय, तर ड्रॉइंगवरून देऊन टाकू का. वाचूनच पोटात गोळा आला हो. सेम टू सेम हेच केलं होतं मी.

रंग, डिझाइन वगैरे तुम्ही बघालच, त्यात पडत नाही.

माझं काम पण नाशिकमधलंच, हॉटेलचं नाव नको. चार खांबांच्या मधे हँड टफ्टेड गालिचा (कापडावर टफ्टिंग गनने सूत टोचून मागून लेटेक्स लावतात तो), चारी बाजूंनी नऊ इंची बॉर्डर, खांबापासून दोन-दोन इंच मोकळे. ड्रॉइंगमधे खांब होते ते नुसत्या काँक्रीटचे. वर दगड धरायचे अँगल, क्लॅम्प आणि ग्रॅनाइट चढून एकेका बाजूला तीन इंच वाढले, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर सहा इंचांनी कमी, त्यात एक खांब मुळातच लायनीत नव्हता. शेवटी कारागीर लॉबीत गालिचा उलटा टाकून कटरने तिरका कापत बसला, लेटेक्सचा भुगा पांढऱ्या मार्बलवर, आणि डोक्यावर मॅनेजर उभा. बॉर्डर एका टोकाला नऊ इंच, दुसऱ्या टोकाला सहा. कापलेली कड उसवते म्हणून बाइंडिंग मारलं, तेही दिसतंच. दुसरा गालिचा माझ्या खिशातून.

आता त्या हॉटेलच्या प्रोजेक्ट ऑफिसबद्दल. मी दोनदा मेल केला की दगड लागल्यावर मोजतो, माप सही करून द्या. उत्तर नाही. फोनवर म्हणे ड्रॉइंग फायनल आहे, तुम्ही उगाच उशीर करताय. आणि घोळ झाल्यावर तीच माणसं ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या बारीक ओळीवर बोट ठेवतात, सर्व मापे साइटवर तपासावीत! चूक माझीच, मान्य, पण असली माणसं भेटली की डोकं फिरतं.

तर माझं मत (इंटिरियरवाला आहे, गालिचे विणणारा नाही, तेव्हा तुमच्या पार्टीला पण विचारा): फायनल साइज अजिबात देऊ नका. सूत रंगवायला आणि सॅम्पल करायला नेमकी साइज लागत नाही, ती लागते कापडावर नक्शा ट्रेस करताना. तोवर दोन बाय दोन फुटांचं सॅम्पल मागवा आणि रात्री लॉबीच्याच पिवळ्या लाइटखाली बघा, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर नाही. दगड लागला की चारी बाजू मोजा, दोन्ही कर्ण मोजा, कर्णात फरक आला तर जागा काटकोनात नाही समजा आणि खाकी कागदाचं टेम्प्लेटच कापून पाठवा.

जाता जाता, चमक हवी म्हणून व्हिस्कोस (रेशमासारखं चमकणारं कृत्रिम सूत) कोणी सुचवलं तर लॉबीत नकोच, पाणी पडलं की डाग आणि पिवळेपणा, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओल्या चपला आहेतच. बँक्वेटला भिंत ते भिंत अ‍ॅक्समिन्स्टर (मशीनवर विणलेलं कार्पेट) असेल तर ते वेगळं प्रकरण, तिथे जोडावर डिझाइन जुळवायला जास्तीचं कार्पेट धरावं लागतं. सिंहस्थाच्या आधी उघडायचंय म्हणून सगळे घाई करतायत, माहितीये, पण गालिचा सगळ्यात शेवटी आला तरी चालतो.

खांबांचा फोटो टाका, क्लॅम्प किती बाहेर आलेत ते दिसलं तर अंदाज सांगतो. फक्त त्या अंदाजावर ऑर्डर देऊ नका.