नागपुरात विजा कडाडताना घरचा कम्प्युटर आणि राउटर कसा वाचवायचा? स्पाइक गार्ड पुरेसा आहे का?

नाही. लांब पडलेल्या विजेचा झटका स्पाइक गार्ड सोसतो. जवळ पडली तर तोही जातो आणि मागचं यंत्रही. खात्रीचा उपाय म्हणजे प्लग काढणं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, स्विचमधली फट विजेला किरकोळ असते. लोक हमखास विसरतात ती केबल: डिशची आणि ब्रॉडबँडची तांब्याची तारही काढा, लॅन पोर्ट (नेटची तार खोचायची जागा) पुष्कळदा तिथूनच जळतं. (काचेच्या फायबरमधून झटका येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर काढाच.) आपल्याकडे एप्रिल-मेच्या अवकाळीत आभाळ बघता बघता भरून येतं, म्हणून मोबाइलवर विजेचा आधीच इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप ठेवा. वीज डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावू नका. घर जुनं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्याविना स्पाइक गार्डचा अर्धा उपयोग तिथेच संपतो.