एकाच यादीत कुठे वेळ, कुठे साल

प्रश्न: लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस -एल’ ही आज्ञा दिली की काही फायलींपुढे वेळ दिसते, तर काहींपुढे नुसते साल. एकाच दिवशी तयार केलेल्या दोन जुन्या फायलींपैकी नंतरची कोणती, हे ओळखता येत नाही. सगळीकडे सारखी तारीख दिसावी यासाठी काय करावे?

उत्तर: हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. एका अहवालाच्या दोन प्रती माझ्याकडे वेगवेगळ्या फोल्डरमध्ये होत्या. नाव एकच, आणि दोन्हींपुढे १४ मार्च व साल एवढेच. मी अंदाजाने एक ठेवली नि दुसरी पुसली. ठेवलेली सकाळची निघाली. संध्याकाळी तीन तास बसून केलेल्या दुरुस्त्या पुसलेल्या प्रतीबरोबर गेल्या. वेळ त्या फायलीत नोंदलेली होती, फक्त मला दिसत नव्हती.

झाले असे, की सहा महिन्यांच्या आतली फाइल असेल तर ‘एलएस’ वेळ दाखवते. त्याहून जुनी असेल, किंवा तारीख भविष्यातली असेल, तर वेळेच्या जागी साल येते. यावर ‘एलएस -एल --टाइम-स्टाइल=लाँग-आयएसओ’ असे द्या. (इथे उच्चाराप्रमाणे छापले आहे; टंकताना रोमन छोटी अक्षरे वापरा.) मग प्रत्येक फायलीपुढे साल-महिना-दिवस आणि तास-मिनिटे येतात. सेकंदही हवे असतील तर ‘फुल-आयएसओ’.

आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी हवा असेल, तर बरोबरच्या चिन्हानंतर अवतरणात ‘+%डी-%एम-%वाय %एच:%एम’ लिहा. अधिकचे चिन्ह विसरू नका. इथे अक्षर लहान की मोठे, याला फार महत्त्व आहे. पहिला ‘एम’ छोटा, तो महिना. शेवटचा मोठा, तो मिनिटे. त्यांची अदलाबदल झाली तर संगणक चूक दाखवत नाही, निमूटपणे महिन्याच्या जागी मिनिटे छापतो. ‘डी’ छोटाच ठेवा, कारण मोठा ‘डी’ महिना आधी घालून अख्खी तारीख देतो. ‘वाय’ आणि ‘एच’ मात्र मोठे. छोटा ‘वाय’ सालाचे शेवटचे दोनच आकडे देतो.

दर वेळी एवढे टंकायला नको म्हणून ‘टाइम_स्टाइल’ हे चल (मूल्य साठवणारे नाव), सगळी अक्षरे मोठी ठेवून, टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या आपल्या ‘.बॅशआरसी’ फायलीत ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवा. मी ‘लाँग-आयएसओ’च ठेवले आहे. मॅकवरच्या ‘एलएस’ला हा पर्याय कळत नाही, तिथे ‘-एल’बरोबर मोठा ‘टी’ द्यावा, म्हणजे सेकंद आणि सालासह वेळ येते.

आणखी एक. तुम्ही ‘तयार केलेल्या’ म्हटलेत, पण ‘एलएस -एल’ दाखवते ती मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ. तुम्हाला नंतरची प्रत शोधायची आहे, तेव्हा हवी तीच.