यादी दोन नावांची कर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

सणाला घरातल्या अकरा जणांना हाताने केलेलं काहीतरी द्यायचं म्हणतेस, उरलेत तीन आठवडे, आणि विचारतेस, "काय करू?" अगं, काय करायचं ते नंतर. कुणासाठी, ते आधी! तुझी यादी म्हणजे मफलर, टोप्या, साबण. माणसं बिचारी समासात कोंबलेली.

साबण आत्ताच खोड. कॉस्टिक सोडा घालून, न शिजवता केलेला साबण मुरायला 4 ते 6 आठवडे लागतात.

"आजोबांना गळ्याशी घट्ट सोसत नाही" हे तू जाता जाता लिहिलंस. तेवढं एकच वाक्य मला कामाचं वाटलं. म्हणजे पुढून उघडी, बटणांची बंडी. बाह्यांच्या नादी लागू नकोस, वेळ नाही. बटणं मोठी घे, त्यांची बोटं आखडतात. माप अंगावरून नको, ते रोज घालतात त्या स्वेटरवरून घे. मग नमुन्याचा चौकोन वीण, धू, आडवा पसरून वाळव आणि मगच टाके मोज. 10 सेंमीत 20 टाके धरून 100 सेंमी घेराला 200 टाके घातलेस आणि तुझ्या घट्ट हातात 22 बसत असले, तर घेर जेमतेम 91 सेंमी भरेल. बंडी उसवता येते, आजोबांची छाती नाही.

आणि धुणार कोण? आजी गरम पाण्यात घासून धुणार असतील तर शुद्ध लोकर आटून जाड, कडक होईल. अ‍ॅक्रिलिक घे. नाक मुरडू नकोस. पुन्हा तेच सांगते, कुणासाठी ते आधी.

बाकीचे रुसतील म्हणतेस. रुसू देत. मी एका सणाला दोघांनाच दिलं, त्याचे टोमणे अजून खाते. सगळ्यांना एकसारख्या टोप्या दिल्या असत्या तर कुणी बोललं नसतं, आणि कुणी घातल्याही नसत्या. धाकट्या जाऊबाईंना तेव्हा वगळलं, ते मात्र आता खुपतं. तरी घाईची टोपी त्यांनाही दिली नसतीच, सांगून ठेवते.

यादी परत पाठव. दोनच नावं, आणि नावापुढे वस्तू नको, त्या माणसाच्या सवयी लिही. चौकोन धुतल्याशिवाय मला फोन करू नकोस.

तुझी,
मावशी