पहिल्या ओवशाला गावी जाताना

लग्नानंतरच्या पहिल्या गौरी असतील, तर आधी सासूबाईंना विचारा की यंदा ओवसा, म्हणजे सुनेने भरलेली सुपं गौरीपुढे ओवाळण्याचा कोकणातला विधी, आहे का. बऱ्याच गावांत गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच नवीन सुनेचा ओवसा भरतात, नाहीतर तो पुढच्या वर्षावर जातो. सुपं किती, हेही त्यांनाच विचारा, कारण कुठे पाच, कुठे दहा.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात. परतीचं तिकीट विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाचं धरा. त्याच संध्याकाळचं काढलंत तर निम्मं लक्ष घड्याळाकडे राहील. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, तेव्हा स्टेशनावर न्यायला येणाऱ्याला सुधारित वेळ कळवा.

सुपं गावच्या बाजारातच घ्या, मुंबईहून वाहून नेऊ नका, डब्यात कडा मोडतात. बुरूड ओल्या बांबूचीही देतो. भाद्रपदाच्या दमट हवेत त्यांवर दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते, म्हणून चुलीच्या उबेला ठेवा. भरताना नारळ, काकडी मागच्या उंच कडेला, पानं-फुलं तोंडाशी. उलट भरलं तर उचलताच सूप पुढे कलंडतं.

आणि जावईबापू, सुपांची ने-आण तुमच्याकडे.