आजीचं आयुष्य "साधंच" होतं, विशेष काही घडलं नाही, मग तिच्या आठवणींत लिहायचं काय?

तुम्ही विचारलंय की आजीला जाऊन वर्ष होत आलं, वर्षश्राद्धाला नातेवाइकांना वाटायला छोटी पुस्तिका काढायची आहे, पण "तिने आयुष्यभर घरच सांभाळलं, विशेष असं काही घडलं नाही", तर सुरुवात कुठून करू. हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण नेमकं हेच वाक्य आमच्या आजीच्या दहाव्याला थोरल्या काकांनी माईकवरून म्हटलं होतं. "आईनं कधी घराचा उंबरठा ओलांडला नाही." मांडवातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. धादांत खोटं आहे ते.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सोलापूर जिल्हा, सांगोल्याच्या बाजूचा कोरडा पट्टा, घर वाड्याचं, आडनाव मोठं आणि कणगीत दाणा नाही. पदरात तीन पोरं. आमच्या घरात ही गोष्ट कुणी कधीच सांगितली नाही. सांगितली जायची ती दुसरीच, की आजोबांनी त्या दुष्काळात एक गुंठाही विकला नाही, घर तारलं. मी हेच ऐकत मोठी झाले.

आजीच्या उजव्या भुवईत एक खाच होती, तेवढ्या जागेवर केस उगवायचेच नाहीत. लहानपणी तिच्या मांडीवर पडलं की माझं बोट तिथंच जायचं. आम्हाला सांगितलेलं, म्हशीनं शिंग मारलं. २०१३ च्या उन्हाळ्यात मी गावी होते, टीव्हीवर चारा छावण्यांच्या बातम्या चालू होत्या, बाबा म्हणाले हा दुष्काळ बहात्तरपेक्षा वाईट दिसतोय, आणि आजी शेंगा फोडता फोडता एकदम बोलली, "बहात्तरला प्यायला पाणी व्हतं, खायाला दाणा नव्हता. आता दाणा हाय, पाणी न्हाई." हे तर तेव्हा सगळेच म्हणायचे. पण ती पुढं म्हणाली, "म्या व्हते की सडकंच्या कामावर." बाबा उठून बाहेर गेले. मी तिथंच बसून राहिले आणि म्हशीचं विचारलं. "म्हस कुठली? म्हस तर आदीच इकली व्हती. खडीची कपची उडाली. डोळा वाचला म्हनून बरं."

मग ती जे बोलायला लागली ते दिवेलागणीपर्यंत. धाकटा, म्हणजे माझे बाबा, कडेवर, मधली आत्या आणि थोरले काका पदर धरून मागं, असं अंधारातच निघायचं. पोरं लिंबाखाली ठेवायची, नऊ वर्षांच्या थोरल्यानं बाकीच्या दोघांना सांभाळायचं. दगडाच्या ढिगापुढं रांगेनं बायका बसायच्या. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायच्या कारण हातोडी चुकली की नखच जायचं. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, शेवटपर्यंत ते दोन भागातच वाढलं, मला वाटायचं सगळ्या म्हाताऱ्या बायकांचं असंच असतं. संध्याकाळी खडीचा ढीग मापायला माणूस यायचा, माप कमी भरलं की मजुरी कापायचा. "माजा ढीग कदी कमी भरला न्हाई," हे तिनं मला त्या दिवसात इतक्यांदा सांगितलं की तिला ते किती वर्षं कुणालातरी सांगायचं होतं ते कळत होतं.

आणि मस्टर. हजेरी घेताना मुकादम तिच्या नावानं हाक मारायचा, तिच्या स्वतःच्या. घरात तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, अमक्याची आई, तमक्याची सून. तिथं चारचौघांत नाव घेतलं जायचं, ती हजर म्हणायची, आठवड्याला अंगठा द्यायची आणि पैसे कनवटीला लावून आणायची. त्या पैशातनं रेशनचा मिलो यायचा, ती परदेशातनं आलेली लाल ज्वारी, तिची भाकरी थापतानाच फुटायची म्हणायची. पोरांना कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचं तयार खाणं, मिळायची. माझ्या बाबांचं आणि काकांचं अंग त्या सुकडीवर टिकलंय. अजून एक सांगितलं तिनं, आवाज खाली आणून, की गावात ज्या आळीतल्या बायकांच्या हातचं पाणी आमच्या घरात चाललं नसतं त्यांच्या शेजारी बसून ती खडी फोडायची आणि त्यांच्याच तांब्यानं पाणी प्यायची. "तिथं कुनाचा तांब्या कुनी बघितला न्हाई." त्यातली एक बाई तिची मरेपर्यंत मैत्रीण होती, पण ती वाड्यात कधी आली नाही, आजीच तिच्याकडे जायची, कधी देवळाचं कधी दळणाचं निमित्त करून. उंबरठा ओलांडला नाही म्हणे.

आता हे "विशेष" नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं जरा बघावं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, आणि त्यात बायका ढिगानं होत्या. इतका मोठा दुष्काळ पडूनही लोक भुकेनं पटापटा मेले नाहीत याचं श्रेय वसंतराव नाईकांच्या सरकारला देतात, वि. स. पागेंना देतात ज्यांच्या डोक्यातनं रोजगार हमी आली, आणि ते द्यायलाच पाहिजे. पण खडी फोडली कुणी? कायदा झाला १९७७ साली, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला, आणि २००५ साली केंद्रानं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होताच. "काम मागितलं की सरकारनं द्यायचं" ही गोष्ट या राज्यात पक्की झाली ती अशा बायका उन्हात बसल्या म्हणून. पगारातनं जो प्रोफेशनल टॅक्स कापतात ना, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, तो १९७५ ला या रोजगार हमीसाठीच सुरू झाला. काका सरकारी नोकरीत होते, रिटायर होईपर्यंत दर महिन्याला तो कापून जायचा. त्यांच्या आईच्या कामाची नोंद त्यांच्या पगारपत्रकात होती आणि हे माईकवरून सांगतात की ती घरात बसून होती.

दहाव्याला जेवणं चालू असताना मी दोन-चार पाहुण्यांना खरं काय ते सांगितलं. काकांनी मला आतल्या खोलीत नेलं. म्हणाले, "वाड्यातली बाई खडीवर गेली हे पाहुण्यांना सांगायची गरज काय? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, काका, त्या मुठीत हातोडी होती, ती झाकायची कशाला? त्यानंतर बराच काळ आम्ही बोललो नाही. मी तलाठी कार्यालयातनं जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या नोंदी, काढले. शेजारच्या गटांवर त्या दोन-तीन वर्षांत खरेदीखतं झालेली आहेत, गहाण आहेत, सावकारांची नावं आहेत, आमच्या गटावर काहीच नाही. म्हणजे जमीन राहिली हे खरंच आहे. पण आजोबांनी काय केलं? म्हैस विकली, बैल विकले आणि ओसरीवर बसले, कारण घराण्यातला पुरुष सरकारी कामावर गेला तर लोक काय म्हणतील. ते वाईट माणूस नव्हते. पण जमीन राखली आजीनं, आणि हे मी आता कुठंही, कुणासमोरही सांगते. ती सडक आज डांबरी आहे, त्यावरनं एसटी जाते आणि काकांची गाडीही जाते.

तर तुमच्या प्रश्नाकडे येते. सुरुवात जन्मतारखेपासून करू नका, बहुतेक आज्यांची ती शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली असते किंवा नसतेच. तिच्या कामापासून सुरू करा, तिनं हातानं काय काय केलं, कुणाच्या शेतात, किती पैशाला, आणि ते पैसे कुणी ठेवून घेतले. साल लागत नसेल तर मोठ्या घटनेला धरून विचारा, म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही पण पानशेत फुटलं (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ, किल्लारी (१९९३) हे पक्कं आठवतं. "पानशेतच्या वेळी थोरला पोटात होता" एवढं कुणी म्हणालं की तुम्हाला निम्मं गणित सुटतं. आजीच्या अंगावरचे व्रण आठवा आणि ते कशाचे म्हणून घरात दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. सातबारा आणि फेरफार काढा, जुने फेरफार आता बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात. आणि तिची एखादी मैत्रीण हयात असेल तर उद्याच जा, पुढच्या महिन्यात नको.

हां, एक सांगायचं राहिलं. प्रत्येक आजी खडीवर गेलेली नसते, तुमची खरंच आयुष्यभर स्वयंपाकघरात असेल तर तेही लिहायला भरपूर आहे, फक्त "घर सांभाळलं" या दोन शब्दांत गुंडाळू नका. आणि एखादी गोष्ट तिनं स्वतः सांगू नको म्हटलं असेल तर लिहू नका, ती तिची आहे. माझ्या आजीनं मला तसं म्हटलं नव्हतं, उलट लिही म्हणाली होती. काकांबद्दलही नंतर आत्याकडनं कळलं की शाळेत पोरं त्यांना "खडीवालीचा" म्हणून चिडवायची, एकदा त्यावरनं मारामारी होऊन त्यांचा दात पडला. ते ऐकल्यावर राग थोडा कमी झाला. पण नऊ वर्षांच्या पोराची लाज साठ वर्षांच्या माणसानं आईच्या दहाव्याला चालवावी हे मला अजूनही पटत नाही.

आत्या असतील तर आधी त्यांना फोन करा. काका लोकांना "घराण्याचं" माहीत असतं, आईचं लेकींना माहीत असतं. आणि पुस्तिकेचा मसुदा छापायच्या आधी घरातल्या मोठ्या पुरुषांना वाचायला देऊ नका, प्रेसमधनं आल्यावर सगळ्यांबरोबर त्यांनाही एक प्रत द्या.