वय वाढण्यावरचे तुमचे आवडते सिनेमे कोणते? आणि घरातल्या जुन्या कॅसेट, सीडी ठेवाव्यात की टाकाव्यात?

तुम्ही लिहिलंय की साठी जवळ आली, घरात दोन खोके भरून कॅसेट आणि व्हीसीडी पडल्यात आणि मुलगा रोज म्हणतो टाका ते. वर म्हातारपणावरचे सिनेमेही विचारलेत. माझ्यासाठी हे दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून लिहायला बसले.

सिनेमे आधी सांगून टाकते. सारांश (१९८४), आपला मराठी अस्तु आणि जपानी टोकियो स्टोरी (१९५३). बागबान मी कोणाला सुचवणार नाही, मुलांना खलनायक केलं की रडायला सोपं जातं पण खऱ्या घरात असं नसतं. टोकियो स्टोरीत म्हातारं जोडपं ओनोमिचीहून मुलांकडे येतं, मुलं वाईट नाहीत, फक्त कामात आहेत, मग त्या दोघांना अतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून देतात. आई गेल्यावर लेक लगेच तिचे कपडे मागते, आणि वडील बायकोचं घड्याळ विधवा सुनेच्या हातात ठेवतात. अस्तुमध्ये मोहन आगाशे संस्कृतचे मोठे विद्वान, स्मृती गेलेली, एका हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाषला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि योग्यच मिळाला.

सारांशचं मात्र वेगळं आहे. त्यातला रिटायर्ड मास्तर करताना अनुपम खेर जेमतेम २८ वर्षांचा होता. मुलगा न्यूयॉर्कला मारला जातो आणि बाप त्याच्या अस्थी सोडवायला कस्टमच्या ऑफिसात उभा असतो, तो सीन बघितला असेलच तुम्ही. मी तो पहिल्यांदा बघितला ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, टीव्हीवर. आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. अप्पा वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत होते, त्या पगारात टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र, आला हेच खूप होतं. मग अप्पा काय करायचे, टीव्हीसमोर स्टुलावर टू-इन-वन ठेवायचे, प्ले आणि रेकॉर्ड दोन्ही बटणं एकदम दाबायचे आणि आम्हाला दम द्यायचे की आता कोणी बोलायचं नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे एका सिनेमाला दोन कॅसेट लागायच्या आणि बाजू बदलताना एखादं वाक्य जायचंच. वर निळ्या शाईने लिहायचे, सारांश १, सारांश २, आणि मागची दोन प्लास्टिकची टोकं मोडून ठेवायचे म्हणजे चुकून त्यावर कोणी रेकॉर्ड करणार नाही. अशा जवळजवळ १४० कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या.

२०१९ ला बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला भाड्याने जाणार होतो. सामान बांधायला धाकटा भाऊ आला होता. मी बँकेच्या कामाला गेले आणि दोन तासांनी आले तर ट्रंक रिकामी. भंगारवाल्याला किलोवर दिलं सगळं, दहा-अकरा किलोचे सव्वाशे रुपये टेबलावर ठेवले होते. मी ओरडले तर म्हणाला, ताई, सगळं यूट्यूबवर आहे, तेही एचडीमध्ये.

मी तशीच भंगाराच्या दुकानात गेले. तेलाचे डबे, तुटक्या बादल्या आणि त्यात आमच्या कॅसेट, काही तर फोडून टेप बाहेर काढून टाकलेली, तपकिरी गुंताच्या गुंता पडलेला. गोणपाटावर बसून रात्री साडेनऊपर्यंत शोधत होते. ३८ मिळाल्या. सारांश १ मिळाली, सारांश २ नाही.

घरी लावली तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. टेप हेडवर दाबून धरणारा छोटा स्पंजचा तुकडा गळून पडला होता. दुसऱ्या एका कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढून तिचा बसवला, पेन्सिल घालून टेप सावकाश पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवली, मग लावली. कस्टमचा सीन आला. खुर्ची करकरली आणि अप्पा हळू आवाजात म्हणाले, "अगं, गॅस बंद कर आणि इकडे ये." मग बांगड्या वाजल्या, अगदी माइकजवळ, आणि पुढे सीन संपेपर्यंत दोघांपैकी कोणीच बोललं नाही. अप्पांचा दुसरा कुठलाही आवाज आमच्याकडे नाही. त्या कॅसेटमधले अप्पा ५२ वर्षांचे आहेत, मी आज ६१ची आहे.

भाऊ अजूनही म्हणतो, तू जुन्यात अडकतेस. टोकियो स्टोरीतल्या त्या सुनेला कोणी सांगेल का, की बाजारात याहून चांगलं घड्याळ मिळतं, ते टाक? यूट्यूबवर सारांश आहे, आमच्या घरात ऐकलेला सारांश तिथे नाही. वय वाढतं म्हणून माणूस या गोष्टी धरून ठेवतो असं नाही, त्या कशाला ठेवायच्या ते वय वाढल्यावर कळतं, एवढाच फरक आहे, आणि हे मी त्याला पाच वर्षं सांगतेय.

तुमच्यासाठी एवढंच, की घरी रेकॉर्ड केलेलं आधी वेगळं काढा. डेकच्या हेडफोनच्या भोकातून केबल लॅपटॉपला जोडा, ऑडेसिटी नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा, वेव्ह फाइल ठेवा. व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेट, असतील तर त्या सगळ्यात आधी, कारण नवे व्हीसीआर बनणं २०१६ लाच थांबलं आणि जुने चालू मिळणं दरवर्षी अवघड होतंय. घरी बर्न केलेल्या सीडीही लवकर कॉपी करा, त्या विकतच्या सीडीइतक्या टिकत नाहीत. टेपवर पांढरी पूड दिसली तर ती बहुतेक बुरशी असते, आपल्याकडच्या पावसात लागतेच, ती कॅसेट डेकमध्ये घालू नका. साफ करताना तोंडाला मास्क लावा, दमा असेल तर दुसऱ्याला करू द्या.

आणि सगळंच ठेवा असंही मी म्हणत नाही. मोझर बेअरच्या २८ रुपयांच्या व्हीसीडी मीही ढिगाने घेतल्या होत्या, त्या खुशाल द्या, तोच सिनेमा कितीतरी स्वच्छ बघायला मिळतो. फक्त खोके आवराल त्या दिवशी घराबाहेर जाऊ नका, बँकेचं काम दुसऱ्या दिवशीही होतं.